प्रिंटएफ पुरे, की रिमोट डिबगर पहिल्याच आठवड्यात?

दांडियाबाजारकर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या शेडमध्ये दर पावसाळ्यात दोन-तीन नवी मुलं रुजू होतात. त्यांना आधी काय शिकवायचं, यावरून आमच्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सीरियल केबल आणि प्रिंटएफवर, म्हणजे प्रोग्राममधून ओळी छापून चूक शोधण्यावर, वर्षभर काढू द्या. माझं मत उलट आहे. क्रॉस-कंपायलर (लॅपटॉपवर बसून बोर्डासाठी प्रोग्राम बांधणारा), सिसरूट (बोर्डावरच्या लायब्रऱ्यांची लॅपटॉपवरची प्रत) आणि जीडीबीसर्व्हर (बोर्डावरचा प्रोग्राम लॅपटॉपवरच्या जीडीबी या डिबगरने तपासू देणारा) पहिल्याच आठवड्यात हातात द्या, नाहीतर मुलं भलत्याच जागी दुरुस्ती करत बसतात.

गेल्या वर्षीचं सांगतो. पॅकिंग मशीनच्या आर्म प्रोसेसरच्या बोर्डावर डेबियन 11 हे लिनक्स, माझ्या लॅपटॉपवर उबुंटू 22.04 हे दुसरं. प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल झाला, बोर्डावर टाकला तर ‘जीलिबसी 2.34 सापडत नाही’. (जीलिबसी किंवा नुसती लिबसी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्राम वापरतो ती मूळ लायब्ररी.) रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी मशीन ट्रकवर चढायचं होतं. बरोबरच्या मुलाने टूलचेनमधली (कंपायलर आणि त्याच्या साधनांच्या संचातली) नवी लिबसी उचलली आणि बोर्डावरच्या जुनीवर कॉपी केली. त्या क्षणापासून बोर्डावर साधी फाइलींची यादीही दिसेना, कारण तिथली जवळपास प्रत्येक कमांड त्याच लिबसीवर उभी असते. बोर्डाचं मेमरी कार्ड पुन्हा लिहिलं, सेटिंग्ज हाताने भरल्या, तोवर उजाडलं.

मी त्याला बोललो, पण चूक माझी होती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उबुंटू 22.04 मध्ये जीलिबसी 2.35 आहे, डेबियन 11 मध्ये 2.31. मधल्या 2.34 मध्ये, ऑगस्ट 2021 ला, पीथ्रेडची (थ्रेड चालवणारी) लायब्ररी मुख्य लिबसीत सामावली गेली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्ती-शिक्का लागला. म्हणून उबुंटूवर बांधलेला रिकामा मेनसुद्धा (मेन म्हणजे आपला कोड जिथून सुरू होतो ते फंक्शन) जुन्या बोर्डावर उठत नाही. आता आम्ही डेबियन 11 च्याच कंटेनरमध्ये (लॅपटॉपवरच्या वेगळ्या कप्प्यात) बिल्ड करतो आणि बोर्डाच्या इमेजमधून काढलेलं सिसरूट प्रत्येक रिलीजबरोबर जपून ठेवतो. तेच सिसरूट जीडीबीला दाखवलं, की बॅकट्रेसमधली (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीतली) प्रश्नचिन्हं जातात आणि फंक्शनचं नाव, ओळ क्रमांक दिसू लागतो. हे ज्याने एकदा पाहिलं तो पुन्हा अंदाजाने प्रिंटएफ पेरत नाही.

जुना मकरपुरा

भाऊ, लिबसीचं पटलं. डिबगरचं नाही.

आमच्याकडे ओव्हनचा कंट्रोलर होता, एसटीएम32 या मायक्रोकंट्रोलरवर. नवा मुलगा, हुशार, एसटी-लिंक हे डिबगचं जोडयंत्र जोडून तापमानाच्या लूपमध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावला आणि व्हेरिएबल बघत बसला. प्रोसेसरचा कोअर थांबला, पण टायमर थांबत नाही. वेगळं सांगितलं नसेल तर पीडब्ल्यूएम (हीटर चालू-बंद करणारा सिग्नल) जसाच्या तसा चालू राहतो. हीटर सुरू, तापमान मोजणारं थर्मोकपल वाचणारं कुणी नाही. वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला की रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट केलं असतं, पण डिबग करताना त्रास नको म्हणून त्यानेच वॉचडॉग गोठवण्याचा बिट लावलेला. आतल्या ट्रेचा वास सुटला तेव्हा मी धावत जाऊन एमसीबी पाडला. त्या मुलाचा हात तेव्हा दाराच्या कडीवर होता. आजही डोळ्यांसमोर येतं.

मी बडोद्याच्या कलाभवनात शिकलो. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते काढलं ते हाताला कारागिरी कळावी म्हणून. मशीन काय करतंय हे आधी कान आणि नाक सांगतात, मग स्क्रीन. सीरियलवर एक ओळ छापली तर मशीन थांबत तरी नाही.

दांडियाबाजारकर

काका, हीटर जोडलेला असताना ब्रेकपॉइंट नको, यावर वादच नाही. पण प्रिंटएफ निरुपद्रवी आहे हे मला मान्य नाही. 115200 बॉडला (सीरियलचा वेग, सेकंदाला इतके बिट) एक अक्षर जायला साधारण 87 मायक्रोसेकंद लागतात. 40 अक्षरांची ओळ म्हणजे साडेतीन मिलिसेकंद. तुमचा लूप एक मिलिसेकंदाचा असेल आणि प्रिंटएफ ओळ संपेपर्यंत अडून राहत असेल, तर एका ओळीने तीन फेऱ्या गिळल्या. प्रिंट टाकला की बग गायब, काढला की हजर, हे आम्ही कितीदा पाहिलंय. मशीन थांबलं नाही, पण वेगळंच मशीन झालं.

सुरसागरची

मला दोघांचंही अर्धंच पटतं. कॉर्टेक्स-एम मध्ये (एसटीएम32 मधल्या प्रोसेसरमध्ये) कोअर चालू असतानाही डिबग पोर्टमधून रॅम वाचता येते. आम्ही नोंदी एका रिंग बफरमध्ये (भरला की पुन्हा सुरुवातीपासून लिहिल्या जाणाऱ्या रॅमच्या तुकड्यात) टाकतो आणि एसडब्ल्यूडी या डिबग पोर्टच्या दोन तारांवरून बाहेरून वाचतो. थांबवायचं नाही, सीरियलची वाटही पाहायची नाही. एका नोंदीला काही मायक्रोसेकंद पुरतात.

आणि दादा, लिनक्स बोर्डावर जीडीबीसर्व्हरपेक्षा कोअर डंप (प्रोग्राम पडला त्या क्षणाच्या मेमरीची फाइल) आधी शिकवा. रात्री तीनला गिऱ्हाइकाकडे प्रोग्राम पडतो तेव्हा जीडीबी जोडून कोण बसलेलं असतं? कोअर फाइल सकाळी मागवता येते. अट एकच, प्रोग्रामची स्ट्रिप न केलेली (फंक्शनांची नावं काढून न टाकलेली) प्रत जपलेली हवी आणि तिचा बिल्ड-आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) बोर्डावरच्या प्रोग्रामशी जुळायला हवा. शिवाय सिसरूट तेच हवं, म्हणजे तुमचा मूळ मुद्दा राहतोच. ‘पहिला आठवडा’ मात्र घाईचा वाटतो. ज्याला लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) म्हणजे काय माहीत नाही, त्याच्यासाठी डिबगर ही दुसरी काळी पेटी.

नवा ट्रेनी

काका, दादा, ताई, मधेच विचारतो. आज दुपारपासून अडकलोय. प्रोग्राम बोर्डावर कॉपी केला, यादीत दिसतो, चालवण्याची परवानगी दिलीय. चालवला की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. तीनदा कॉपी केला. फाइल समोर दिसतेय आणि बोर्ड म्हणतो नाही.

अलकापुरीवाला

अरे, बोर्डावरच जीसीसी कंपायलर टाक आणि तिथेच कंपाइल कर. माझे सगळे बोर्ड मी असेच चालवतो. जिथे चालवायचं तिथेच बांधलं, की सिसरूट, टूलचेन, आवृत्ती, सगळे प्रश्न एकदम मिटतात. या चर्चेतली निम्मी दुखणी आपणच ओढवून घेतलेली आहेत.

दांडियाबाजारकर

छोट्या सी प्रोग्रामला चालेल. आमच्या बोर्डावर 512 एमबी रॅम आहे. टेम्प्लेटांनी भरलेली सी++ फाइल दिली की रॅम संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपायलरलाच मारून टाकतो. स्वॅप (रॅमला जोड म्हणून साठवणीतली जागा) लावला तर चहा पिऊन आलं तरी पहिलीच फाइल चाललेली असते. आणि उद्या त्याला कंपायलर नसलेला बोर्ड मिळाला तर? आज वाट बदलली, तर चूक कळणारच नाही.

सुरसागरची

बाळा, चौथ्यांदा कॉपी करू नकोस. लॅपटॉपवर रीडएल्फ या कमांडने प्रोग्राम हेडर (फाइलीच्या सुरुवातीची माहिती) बघ. त्यात ‘इंटरप्रिटर’ अशी ओळ असते, ती इथे दे. आणि बोर्डावरच्या लिब फोल्डरमध्ये ‘एलडी-लिनक्स’ने सुरू होणारी फाइल कोणती, तेही सांग.

नवा ट्रेनी

प्रोग्राममध्ये ‘एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट 3’. बोर्डावर ‘एलडी-लिनक्स-आर्महफ डॉट एसओ डॉट 3’.

सुरसागरची

मग सापडलं. तुझा प्रोग्राम सॉफ्ट-फ्लोट टूलचेनने बांधलाय, बोर्ड हार्ड-फ्लोट आहे; दशांश संख्या हाताळायच्या या दोन न जुळणाऱ्या पद्धती. कर्नलला तुझी फाइल सापडली. तिने मागितलेला लोडर (प्रोग्राम सुरू करून देणारी ती ‘एलडी-लिनक्स’ फाइल) सापडला नाही, आणि शेलने (तू टाइप केलेली कमांड चालवणाऱ्याने) तुझ्याच फाइलचं नाव घेऊन तक्रार छापली. टूलचेनच्या नावाच्या शेवटी ‘एचएफ’ असलेली घे. आधीच्या कंपाइलमधल्या ऑब्जेक्ट फाइली पुसून सगळं पुन्हा बांध, जुने-नवे मिसळू नकोस.

जुना मकरपुरा

यात प्रिंटएफचा काही उपयोग नव्हता, हे मी मान्य करतो. पहिली ओळ छापायच्या आधीच प्रोग्राम मेला. रीडएल्फ पहिल्या आठवड्यात शिकवा, माझी हरकत नाही.

नवा ट्रेनी

चाललं! जीडीबीसर्व्हरही लागला, मेनवर थांबला. पण जोडताना फार वेळ घेतो.

दांडियाबाजारकर

शाब्बास. जीडीबीला सिसरूट दिलेलं नसेल, म्हणून तो लायब्रऱ्या बोर्डावरूनच एकेक ओढतोय. आवृत्ती 7.10 पासून तो आपसूक तसंच करतो. लॅपटॉपवरच्या सिसरूटचा मार्ग दे, लगेच जोडेल.

जुना मकरपुरा

आणि काम झालं की तो जीडीबीसर्व्हर बंद कर. त्याला पासवर्ड नसतो. नेटवर्कवर ज्याला तो पोर्ट सापडेल, तो तुझ्या बोर्डावर हवं ते चालवेल. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात लावायचाच असेल तर एसएसएचच्या (कूटबद्ध जोडणीच्या) बोगद्यातून.

माझ्या शेडचा नियम बदलणार नाही, हीटर किंवा मोटर जोडलेली असताना ब्रेकपॉइंट नाही. पण पोरगा शिकतोय, तर त्याला वाट हवी. माझ्याकडे लाकडी फळीवर होल्डर बसवलेला आहे, 60 वॉटचा पिवळा बल्ब. हीटरच्या जागी तो जोड आणि हवा तिथे थांबव. बल्ब पेटलेलाच राहिला तर तुला समोर दिसेल मी काय म्हणत होतो ते. रविवारी दहा वाजता ये, फाटक उघडं असेल.

नवा ट्रेनी

येतो काका. बोर्ड आणि केबल घेऊन येतो.