चौथ्या सीटचे मॅनर्स
एकीने सुचवलंय की मॅनर्स शिकायला आजच्या मुलींनी काटा-सुरी धरायचे क्लास लावावेत. लावा की! माझे मॅनर्स मात्र मुंबईच्या लोकलच्या लेडीज डब्यात घडले. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल, म्हणजे फक्त बायकांची लोकल, सुरू झाली, तेव्हापासून आई तिने जायची. आईने शिकवलेला पहिला नियम: चढण्याआधी केस बांधायचे. न्हाऊन मोकळे सोडलेले ओले केस मागचीच्या तोंडात जातात, आणि गर्दीत तिला हात वर करून ते बाजूलाही करता येत नाहीत. सॅक पुढे, हे ओघानं आलंच. बाकावर तिघी असल्या आणि चौथी आली की न सांगता सरकायचं; चौथीनेही टेकायला मिळालं यात समाधान मानायचं. "कुठे उतरणार?" हा भोचकपणा नाही, सीटसाठी लावलेला नंबर आहे. खोटं स्टेशन सांगणारीला डबा महिनाभर विसरत नाही.

परवा एक कॉलेजची मुलगी मोठ्या आवाजात रील्स बघत होती. समोरच्या मावशी म्हणाल्या, "बाळा, आम्हालाही दाखव की, नुसतं ऐकून काही कळेना!" पोरीने जीभ चावली, इअरफोन शोधले. त्याआधी मावशींना एक रील दाखवलं मात्र.