पहिलीच जुनी स्पोर्ट्स कार घेतलीय, आधी हात कुठे घालू?

नवा_गडी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं लोकांच्या गाड्या बघत होतो, शेवटी घेतलीच. एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश टू-सीटर), १९६९ची, १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे), स्पोकची चाकं. आधीच्या मालकाने फार चालवली नाही, झाकूनच ठेवलेली, सोबत एक खोकं भरून जुनी बिलं दिलीत त्यांनी. सकाळी चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला चालू होते, वीसेक मिनिटं मस्त पळते आणि मग सिग्नलला उभी राहिली की बंद, मग कितीही सेल्फ मारा, ढिम्म. पंधरा मिनिटं बसून राहिलो की काही झालंच नाही अशा थाटात परत चालू. बाकी खाली दोन ठिकाणी ऑइल टिपकतं, ब्रेक पेडल जरा खोल जातं, स्टिअरिंग जड आहे. मी यादी केलीय: नवीन क्रोम बंपर, लाकडी स्टिअरिंग, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दोन्ही कार्बोरेटर ओव्हरहॉल. सगळं एकदमच मागवू का? बायको म्हणतेय आधी तिला घरी परत यायला शिकव.

अर्धाइंची_पाना:
अभिनंदन! आणि वहिनींचं ऐका. क्रोमला काय घाई आहे, दहा वर्षांनीही मिळेल.
आधी पेट्रोलचे रबरी पाईप बघा, सगळे, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत. बोटाने वाकवा, चिरा दिसल्या किंवा वास आला की त्याच दिवशी बदला. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्बोरेटर वर आणि तापलेला एक्झॉस्टचा पाईप (मॅनिफोल्ड) बरोबर त्याच्या खाली, मध्ये काय तो एक पत्रा. थेंब कुठे पडणार ते सांगायला नको. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर लवकर जातं, त्यामुळे इथेनॉल चालणारा पाईपच घ्या, आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर सीटमागे ठेवा.
मग ब्रेक. अमेरिकेत गेलेल्या गाड्या सोडल्या तर त्या काळच्या एमजीबीला ब्रेक ऑइलचं सर्किट एकच, एक रबरी होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, गाडी उभी असली तरी ओढतं, म्हणून दर २ वर्षांनी बदलायचं. पेडल खोल जातंय त्याचं कारण कदाचित साधंच असेल, मागच्या ड्रमला पाठीमागून चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर असतो, तो चाक अडेपर्यंत आवळायचा आणि चाक मोकळं फिरेल इतका सोडायचा. तरी होज बाहेरून चांगले दिसले म्हणून फसू नका, आतून फुगून बंद झालेले मी स्वतः कापून बघितलेत.
टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचं आहे, त्यावर घराबाहेरसुद्धा जाऊ नका, नक्षी कितीही दिसू दे.
आणि हो, पाने इंचातलेच घ्या. १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटला बसल्यासारखा वाटतो आणि मग नट गोल करून ठेवतो. माझं नाव उगाच नाही पडलं.

टिकटिक:
बंद पडण्याबद्दल बोलतो. कार्बोरेटरला अजिबात हात लावू नका!! मी तीन रविवार कार्बोरेटर खोलून-जोडून घालवले, जेट बदलले, सुया बदलल्या, आणि शेवटी निघालं काय तर पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) जवळजवळ मिटलेले.
पुढच्या वेळी बंद पडली की आधी बॉनेट उघडू नका. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, नुसतं ऐका. मागच्या बाजूला पेट्रोल पंप टिकटिक करतो. चार-पाच टिक होऊन थांबला तर कार्बोरेटरच्या वाट्या भरल्यात, म्हणजे पंप बरा आहे, करंटकडे वळा. अजिबात वाजला नाही तर पंप किंवा त्याची वायर. थांबतच नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय, नाहीतर पेट्रोल ओव्हरफ्लो होतंय, अशा वेळी चावी लगेच बंद. टाकीचं झाकणही एकदा उघडून बघा, फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं भोक बुजलंय.
माझा अंदाज मात्र कंडेन्सर, पॉइंटवरच ठिणगी उडू नये म्हणून बसवलेली छोटी डबी. थंड असताना चालतो, गरम झाला की मरतो, गार झाला की परत जिवंत. तुमचं वर्णन डिट्टो.

वेगात_सुख:
एवढं सगळं कशाला, इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, पॉइंट पण गेले कंडेन्सर पण गेला, विषय संपला. माझ्याकडे चार वर्षं एकदाही त्रास नाही.

टिकटिक:
टाका ना, पण गाडी नीट चालायला लागल्यावर. आत्ता टाकली आणि तरी बंद पडली तर नवीन पार्टवर संशय की जुन्या दोषावर? एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदललं आणि किती किलोमीटरला ते वहीत लिहा. शिवाय पॉइंट रस्त्यात घासून घरी येता येतं, तो इलेक्ट्रॉनिक डबा गेला की टोईंगच.

ग्रीसबाबा:
स्टिअरिंग जड म्हणताय आणि अजून कुणी ग्रीसचं नाव काढलं नाही? पुढच्या प्रत्येक चाकामागे किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या पिनला) तीन-तीन निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत, दर ५००० किमीला ग्रीस मारायचं असतं. चाक जॅकवर उचलून मारा, वजन असताना ग्रीस सगळीकडे जात नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबायची. स्पोकच्या चाकांच्या आतल्या दात्यांनाही चाक काढलं की ग्रीस लावत जा.
ऑइल टिपकतं ते राहू दे, २०-५० ग्रेडचं इंजिन ऑइल भरा आणि दर आठवड्याला पातळीची काडी बघा. टिपकायचं थांबलं तर मात्र काळजी करा, बहुतेक ऑइलच संपलेलं असेल :)

नवा_गडी:
परत आलो. काल मुद्दाम गरम करून बंद पाडली (स्वतःहून नाही पडली, थांबलो तेव्हा पडली, म्हणजे तेच). चावी ऑन, पंप टिक टिक टिक टिक, गप्प. मग अंधार पडल्यावर डिस्ट्रिब्युटरचं (पॉइंट असतात त्या भागाचं) झाकण काढून लाकडी काडीने पॉइंट उघडले तर ही जाडजूड ठिणगी तिथेच उडतेय! कॉइलपासून प्लगला मात्र पिवळट, मेल्यासारखी. खोक्यातच एक कंडेन्सर पाकिटात मिळाला, तो टाकला, पॉइंटचा गॅप ०.३८ मिमी ठेवला, दीड तास फिरवली, तीन सिग्नल, एकदाही बंद नाही.
पेट्रोल पाईप बदलायला घेतले तर कार्बोरेटरजवळचा हातातच तुटला. बघून पाय लटपटले.
ग्रीसबाबा, डावीकडचे तिन्ही निपल घेतात, उजवीकडचं मधलं घेतच नाही, गनमधून बाजूने बाहेर येतं. निपल बदलू की आत भोकच बुजलंय?

ग्रीसबाबा:
आधी निपल काढून भोकात बारीक तार घाला. आत कडक झालेलं जुनं ग्रीस असेल, डिझेल सोडून रात्रभर ठेवा. नवीन निपल लावा, चाक वर असतानाच स्टिअरिंग इकडे-तिकडे फिरवत मारा. तरी नाही गेलं तर किंगपिन उतरवावी लागेल, तेव्हा फोटो टाका.