पथ्यानं बाबांचं मन मारलं, असं माझं मत आहे

कृष्णाकाठ:
बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, आता हृदयाचं पंपिंग ३० टक्के. दवाखान्यातून पथ्याचा कागद मिळाला: मीठ बंद, लोणचं-पापड बंद, पाणी मोजून. आईनं तो फ्रिजवर चिकटवला आणि तंतोतंत पाळला. आता बाबा अर्ध्या भाकरीवर ताट सरकवतात, पहाटे तीनला जागे असतात, पारावर जात नाहीत. "जगून तरी काय करायचंय" म्हणतात. मनाचं कुणी एकदाही विचारलं नाही. २०२२ च्या सोडियम-एचएफ चाचणीत हार्ट फेल्युअरचे, म्हणजे बाबांसारखं हृदयाचं पंपिंग कमी पडणारे, ८०६ रुग्ण होते. मीठ कडक कमी करूनही मृत्यू किंवा अॅडमिट होणं लक्षणीय घटलं नाही. मग हा अळणी छळ कशासाठी?

तिखटमीठ:
ताई, त्या चाचणीतला दुसरा गटही मनसोक्त मीठ खात नव्हता. त्यांचं सोडियम दिवसाला साधारण २१०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे मीठ पाचएक ग्रॅम, जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्याकडे भाजी, आमटी, पापड, लोणचं धरलं तर हा आकडा सहज ओलांडतो. माझा भाऊही हार्ट फेल्युअरचा रुग्ण, पुतणीच्या लग्नात दोन दिवस पंगतीला जेवला. तिसऱ्या रात्री त्याला आडवं होता येईना, पाय टम्म सुजलेले. चार दिवस आयसीयू. आणि भूक मरणं, झोप मोडणं हे हार्ट फेल्युअरचंही लक्षण असतं. सगळं पथ्याच्या माथी मारू नका.

जवसचटणी:
मला दोघांचंही पटत नाही. आहारानं मन सुधारतं. ऑस्ट्रेलियातल्या स्माइल्स चाचणीत (२०१७) डिप्रेशनच्या ६७ रुग्णांपैकी आहार बदललेल्या गटात १२ आठवड्यांनी ३२ टक्के बरे झाले, नुसत्या गप्पांच्या गटात ८ टक्के. डाळी, मासे, भाज्या वाढवा, डिप्रेशनच्या गोळ्यांचं नंतर बघू.

तिखटमीठ:
गोळ्यांचं नंतर? स्माइल्समधली माणसं हृदयरोगी म्हणून निवडलेली नव्हती. हृदयरोग्यांना २००९ मध्ये सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळीसोबत ओमेगा-३ (मासे-जवसात असतं ते) देऊन पाहिलं, डिप्रेशनमध्ये जास्तीचा फायदा दिसला नाही. "जगून काय करायचंय" म्हणणाऱ्याला जवस देऊन थांबायचं नसतं. ताई, आजच १४४१६ ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलतात.

कृष्णाकाठ:
फोन केला. गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. भुकेबद्दलचं तुमचं बरोबर असेल, हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारते. पण कागदाबद्दल माझं मत तेच आहे. काय खाऊ नये ते त्यावर होतं, काय खावं याची एक ओळ नव्हती. काल आईनं ओल्या मिरचीचा ठेचा केला, भरपूर लसूण, लिंबू, मीठ चिमूटभर. बाबांनी आख्खी भाकरी खाल्ली. लो-सोडियम मीठ मात्र आणलं नाही, त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांच्या गोळ्यांनी ते आधीच वाढतं.

तुम्ही भावाचं दिवसाचं मीठ कसं मोजता? सकाळीच वेगळ्या वाटीत काढून ठेवता का?