४१ हजारांची कंपनी की १६ हजारांची शाळा? (शिक्षणसेवक, जि. प. रत्नागिरी)

कराडकरीण:
नमस्कार मंडळी. २०२३ ची टेट (शिक्षक भरतीची परीक्षा) दिली होती, भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं. जिल्हा परिषद रत्नागिरी, पहिली ते पाचवी. पेढे वाटून झाले आणि त्याच रात्री वडील वही घेऊन आकडे मांडायला बसले.

डी.एड. झालं २०१२ ला. पुढे भरतीच बंद. २०१७ ची टेट थोडक्यात हुकली. मधल्या काळात बाहेरून बी.कॉम. केलं आणि गेली सहा वर्षं हडपसरला एका कंपनीत आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांची विम्याची बिलं का नाकारली ते शोधायचं, दुरुस्त करून परत पाठवायची. रात्रपाळी, पण गाडी दारात सोडते. हातात ४१ हजार पडतात. बॉस बरा आहे, छळबिळ काही नाही. काम आवडत नाही असंही नाही, कामाचं काही वाटतच नाही. बिल पास झालं तरी नाही, नाकारलं तरी नाही.

नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६ हजार मानधन. वडिलांच्या अँजिओप्लास्टीचं कर्ज माझ्या नावावर आहे, हप्ता ८,७००, अजून दीड वर्ष. लग्नाचा विषय कृपया काढू नका, तो घरी रोज निघतो.

आता शाळा का, ते सांगते. डी.एड.च्या छात्रसेवेत तिसरीचा वर्ग होता. एक मुलगी ५२ वजा २७ चं उत्तर दर वेळी ३५ काढायची, कारण ७ तून २ जातात, २ तून ७ कसे जाणार? मी फळ्यावर हातच्याचं सांगून सांगून थकले. मग तिच्यासमोर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. तिने दोन गठ्ठे दिले. सुट्या दोनच, हव्यात सात. बराच वेळ नुसती बघत बसली, मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि ओरडली, "बाई, सोडल्यावर पुरत्यात की!" असं काही कंपनीत मला कधी झालेलं नाही.

पण ती छात्रसेवा होती. ना पगार, ना जबाबदारी. नोकरी म्हणून केल्यावर हे टिकतं का? आणि १६ हजारांत भागतं का? "पैसा की समाधान" असले सुविचार नकोत, ते मी फळ्यावर पुष्कळ लिहिलेत.

हिंजवडीवाला:
ताई, सोडू नका. समाधान शनिवार-रविवारी वस्तीत शिकवूनही मिळतं. हप्ता गेल्यावर हातात ७,३०० उरणार, त्यात खोली, जेवण, घरी पाठवायचं काय? माफ करा, पण हे कुणीतरी बोलायला हवं.

आकडेमोड:
भावना बाजूला ठेवून मांडतो. आजचा फरक महिन्याला २५ हजार, तीन वर्षांचे नऊ लाख. कंपनीतली पगारवाढ धरली तर जास्तच. ही तुमच्या निवडीची किंमत, ती कमी करून सांगण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांनी नियमित झालात की मूळ वेतन २९,२००. महागाई भत्ता ५० टक्के धरू, म्हणजे १४,६००. घरभाडे १० टक्के, २,९२०. एकूण ४६,७२०. त्यातून एनपीएसचे (नव्या पेन्शनचे) १० टक्के, व्यवसाय कर वगैरे गेलं की हातात ४२ च्या आसपास. म्हणजे तीन वर्षं पोटाला चिमटा काढून तुम्ही आज आहात तिथेच पोचणार. फरक पुढे पडतो. दरवर्षीची वेतनवाढ आणि भत्ता ठरलेला, आणि पन्नाशीत कुणी "उद्यापासून येऊ नका" म्हणत नाही. जुनी पेन्शन मात्र नाही, ती १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नाही.

आता हप्त्याचं. सहा वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी बसते. मूळ पगार १८ हजार धरला तर १८,००० × १५ ÷ २६ × ६, म्हणजे साधारण ६२ हजार. शिवाय पीएफ. नोकरी सोडल्यावर तोही काढता येतो. दोन्ही मिळून कर्ज एकरकमी मिटेल असं दिसतं. पीएफला हात लावू नये असं मी एरवी सांगतो, इथे लावा. हप्ता नसलेले १६ हजार कोकणातल्या गावात एकटीला पुरतात. साठत मात्र नाहीत. आणि नोटीस पिरियड नीट पुरा करून रिलीव्हिंग लेटर घ्या, नाहीतर हिशेब अडकवून ठेवतात.

देवरुखचा मास्तर:
मी मूळचा सांगोल्याचा. २००७ ला ३,००० रुपयांवर शिक्षणसेवक म्हणून इकडे आलो, इकडचाच झालो. ताई, आकडे वर आलेत, मी दुसरं सांगतो.

आनंद टिकतो का? शिकवण्याचा टिकतो, पण शिकवायला वेळ मिळाला तर. पोषण आहाराची नोंद रोज मोबाईलवर, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, आधार जुळत नाही म्हणून पालकांच्या मागे फिरणं, केंद्रशाळेची बैठक, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदार याद्यांचं काम. आमच्याकडे रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ-माळावर, चढावं लागायचं. तांदळाचा हिशेब भरायला मास्तर सड्यावर आणि पोरं वर्गात, हे मी वर्षानुवर्षं केलंय. तुमच्या अमेरिकेच्या बिलांपेक्षा हे काही वेगळं नाही, उलट इथे नाकारलेलं बिल आपल्याच पगारातून जायची भीती.

दुसरं म्हणजे पट, शाळेतल्या पोरांची संख्या. इथे घरटी एक माणूस मुंबईत, आणि पोरगं शाळेच्या वयाचं झालं की तेही जातं. पाच-सात पोरांच्या शाळा पुष्कळ आहेत. चार इयत्ता, एका इयत्तेत एक पोरगं, कधी तेवढंही नाही. तुम्ही सांगितलेला काड्यांचा प्रसंग तिथे रोज घडू शकतो, कारण एकेका पोराला तासभर देता येतो. पण वर्गात भांडण नाही, चढाओढ नाही, कबड्डीला संघ पुरा होत नाही. मला पहिल्या वर्षी त्या शांततेचाच त्रास झाला. शिवाय पट घसरला की आपण अतिरिक्त, मग समायोजन, म्हणजे पुन्हा नवं गाव.

म्हणून समुपदेशनाला, म्हणजे शाळा निवडायला, जाल तेव्हा रिकाम्या शाळांची यादी नीट वाचा. बहुतेक जण डांबरी रस्ता आणि एसटी बघून शाळा घेतात. तुम्ही पट बघा. दोन शिक्षकी, पट वीसच्या पुढे, सोबतचा शिक्षक जुना असेल तर डोळे झाकून घ्या, दोन किलोमीटर चालावं लागलं तरी. एकशिक्षकी नको. तिथे शिकवणं उरत नाही, नुसती राखण होते.

रत्नांग्रीकर:
मी बोलतोय ते ताईंना लागेल. इथे डी.एड. झालेल्या स्थानिक पोरी मेडिकलच्या दुकानात चिठ्ठ्या वाचतायत. जागा भरतात, घाटावरचे येतात, पाचेक वर्षांत बदली घेऊन जातात, शाळा परत रिकामी. पोराला वाचता यायला लागतं तोवर बाई बदलते. मास्तरांसारखे राहणारे किती? तुमचं समाधान तुमच्यापाशी, पण आमच्या पोरांनी तुमची चाचणी का द्यायची?

कराडकरीण:
सगळ्यांचे आभार. आकडेमोड, ग्रॅच्युइटीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. वडिलांना दाखवलं, त्यांनी वहीचं पान उलटून नव्याने मांडायला घेतलंय.

रत्नांग्रीकर दादा, लागलं, पण रास्त आहे. जन्मभर राहीन असं आज लिहून दिलं तर ते खोटं ठरेल. नव्या भरतीला जिल्हा बदलून मिळणार नाही असं धरूनच निघतेय. ज्या वर्गाला पहिलीत घेईन तो चौथी होईपर्यंत अर्ज करणार नाही, एवढं मात्र सांगू शकते. तुमच्यातल्या एखाद्या ताईचं नाव पुढच्या भरतीत लागलं तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल. तुम्हाला पटेल न पटेल.

मास्तर, दोन प्रश्न. एकट्या बाईला गावात खोली देतात का? आणि पावसाळ्यात कुंभार्ली घाट बंद पडला तर कराडला जायचं कसं?

देवरुखचा मास्तर:
खोली देतात, शाळेची बाई म्हटलं की भाडंही सांगायला लाजतात. पण मालकीण घरात राहते का ते आधी विचारा, मालक मुंबईत असलेली बंद घरं पुष्कळ, ती एकटीने घेऊ नका. कुंभार्ली बंद असेल तर साखरप्यावरून आंबा घाट, मलकापूर, मग कराड. तोही बंद असला तर बसा गप्प आणि भात शिजवा. छत्री नको, इरलं किंवा चांगला रेनकोट घ्या, वाऱ्यात छत्री उलटी होते. समुपदेशनाची तारीख कळली की यादी इथे टाका, संगमेश्वर तालुक्यातल्या बहुतेक शाळांची वाट मला ठाऊक आहे.