धावायला लागल्यापासून नडगी दुखते, मार तर काहीच लागला नाही

प्रश्न: तीन आठवड्यांपासून नागपुरात अंबाझरीच्या रस्त्यावर रोज ५ किमी धावतोय. आता नडगीची आतली कड दुखते. धावताना सुरुवातीला जास्त, मग कमी. सूज नाही. बंद करू का?

उत्तर १: भाऊ, पहिल्याच महिन्यात रोज ५ किमी, इथंच चुकलं. दम आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. बोटानं दाबून पाहा. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखला तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याच्या ताणानं नडगीच्या कडेला होणारं दुखणं. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ आली, रात्रीही ठणकलं, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे ताणानं हाडाला गेलेल्या बारीक चिरेची शंका. धावणं बंद आणि सरळ हाडांचे डॉक्टर. पहिल्या २-३ आठवड्यांत एक्स-रेवर बरेचदा काही दिसत नाही, एमआरआयवर दिसतं.

उत्तर २: पट्टा दुखत असेल तर दोन आठवडे सायकल चालवा. टाचा उचलायच्या: गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, मग किंचित वाकवून तेवढेच, कारण पोटरीचा आतला सोलियस स्नायू तेव्हाच जास्त राबतो. नंतर दिवसाआड १ मिनिट धाव, २ मिनिटं चाल. सेमिनरी हिल्सचा उतार सध्या नको. पेनकिलर खाऊन धावणं तर नकोच नको!

उत्तर ३: एकच पोटरी सुजली, गरम लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा, मालिश करू नका.