पैसे घेऊन पब्लिशर स्वतःच्या साइटवर तोच गेम विकतोय, आमच्या कॉपी कुठे आहेत?

सोंगटी:

नमस्कार मंडळी. मी बोर्ड गेम फक्त ऑनलाइन विकते. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका परदेशी पब्लिशरच्या क्राउडफंडिंग मोहिमेत (गेम छापण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करतात ती) रिटेलर प्लेज, म्हणजे दुकानदारांसाठीची आगाऊ ऑर्डर, घेतला होता. नाव मुद्दाम देत नाही. ऑर्डर ६० कॉपींची. निम्मी रक्कम तेव्हाच क्रेडिट कार्डवरून गेली, उरलेली इन्व्हॉइस आल्यावर बँक ट्रान्सफरने भरली. इन्व्हॉइसवर डिलिव्हरी ऑक्टोबर अशी छापलेली आहे.

ऑक्टोबरला मेल आला की कारखान्याकडून उशीर झाला, जानेवारी धरा. जानेवारीत म्हणाले माल बंदरावर आहे, मार्चअखेर नक्की. त्यानंतर शांतता. आणि मे महिन्यात माझ्याच एका गिऱ्हाइकाने लिंक पाठवली: पब्लिशरच्या वेबस्टोअरवर गेम 'इन स्टॉक'. त्याने तिथून घेतला, आठवड्यात त्याच्या हातात आला, आणि आता तो माझ्याकडे प्रीऑर्डरचे पैसे परत मागतोय. त्याचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. असे एकूण ४३ जण माझ्याकडे पूर्ण पैसे भरून थांबलेत.

पब्लिशरला विचारलं तर उत्तर आलं की तुमच्या कॉपी दुसऱ्या छपाईतून देऊ, नाहीतर पुढच्या गेमसाठी तेवढं क्रेडिट घ्या.

प्रश्न असे: त्यांच्या एका जुन्या गेमच्या एक्स्पान्शनचं (गेमला जोडायच्या पुरवणी भागाचं) बिल मला याच महिन्यात भरायचं आहे, ते अडवून ठेवू का? क्रेडिट घ्यावं का? आणि या ४३ लोकांना काय सांगू? रोज दोन-तीन मेल येतात, उत्तर लिहायला बसलं की हात थांबतो.

उलटाफासा:

ताई, सरळ नाव जाहीर करा. त्यांच्या पुढच्या मोहिमेच्या कमेंटमध्ये इन्व्हॉइसचा फोटो टाका, दोन दिवसांत फोन येतो की नाही बघा. आणि जुनं बिल अजिबात भरू नका. त्यांनी तुमचे अडकवलेत, तुम्ही त्यांचे अडकवा.

जुना भिडू:

सोंगटीताई, मी अनेक वर्षं एका गेम डिस्ट्रिब्युटरकडे ऑर्डरी आणि थकबाकी सांभाळायचो. अशी प्रकरणं पुष्कळ पाहिलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे दोन भांडणं एकात एक गुंतलीत. ती आधी सुटी करा. ४३ लोकांनी पैसे तुम्हाला दिले आहेत, त्यांचा व्यवहार तुमच्याशी आहे. पब्लिशरने उशीर केला, शब्द फिरवला, उद्या तो बुडाला, तरी त्यांचं देणं तुमच्याकडेच राहतं. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ग्राहकाला कबूल तारखेला माल मिळाला नाही, तर तो वाजवी वाढीव मुदत देतो आणि तीही टळली की करार मोडून पैसे मागू शकतो. तारीखच ठरली नसेल तर ३० दिवस धरतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) नियम आहे की उशीर होणार असेल तर विक्रेत्याने आपणहून कळवायचं आणि ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याची सोय द्यायची. गिऱ्हाइकाने मागेपर्यंत थांबायचं नाही. तेव्हा आजच सगळ्यांना एकच मेल पाठवा: माल नेमका कुठे अडलाय, नवी खात्रीची तारीख नाही, पैसे हवेत की थांबता. पब्लिशरची उणीदुणी त्यात नकोत. हे मी कळकळीने सांगतोय, कारण एका गेमच्या प्रीऑर्डरच्या पैशातून दुसऱ्या गेमचं बिल भरत गेलेली चांगली चांगली दुकानं मी बंद पडताना पाहिलीत.

आता तुमचं आणि पब्लिशरचं. इथे सगळ्यात आधी घड्याळ बघा. कार्डावरून भरलेल्या निम्म्या रकमेसाठी बँकेकडे 'माल मिळाला नाही' अशी तक्रार करता येते, पण तिला मुदत असते. व्हिसा कार्डाच्या नियमात माल मिळण्याची जी शेवटची तारीख सांगितली गेली तिथून १२० दिवस, आणि काही झालं तरी व्यवहारापासून ५४० दिवसांच्या आत. तुम्हाला शेवटची तारीख मार्चअखेर सांगितली होती, म्हणजे २९ जुलैपर्यंतच वेळ आहे. 'पुढच्या महिन्यात नक्की' असे मेल येत राहतात आणि तेवढ्यात ही मुदत निघून जाते, हे मी फार वेळा बघितलंय. कार्ड दुसऱ्या कंपनीचं किंवा धंद्याच्या खात्याचं असेल तर बँकेला आजच मुदत विचारा. ज्यांनी पेपालने भरलंय त्यांच्यासाठी डिस्प्यूट उघडायला १८० दिवस असतात, आणि क्राउडफंडिंगच्या पेमेंटला त्यांचं संरक्षणच नाही. बँक ट्रान्सफरला असा कोणताच दरवाजा नाही, तिथे लेखी नोटीस हाच मार्ग.

नोटीस कशी द्यायची? दोन देशांतल्या व्यापाऱ्यांच्या मालविक्रीसाठी संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना करार आहे. तुमचा आणि पब्लिशरचा, दोघांचे देश त्यात असतील आणि तुमच्या अटींमध्ये तो वगळलेला नसेल तर तो आपोआप लागू होतो. (ब्रिटन आणि भारत त्यात नाहीत, तिथे त्या त्या देशाचा करार कायदा.) त्यातलं कलम ४७ सांगतं की विक्रेत्याला ठरावीक वाढीव मुदत द्या, आणि कलम ४९ सांगतं की त्या मुदतीतही माल आला नाही तर सौदा रद्द करा. मग कलम ८१ नुसार पैसे परत, ८४ नुसार व्याजही. व्हिएन्ना करार लागू नसला तरी नोटीस याच साच्यात लिहा: अमुक तारखेपर्यंत ६० कॉपी, नाहीतर ऑर्डर रद्द आणि पूर्ण रक्कम परत. 'लवकरात लवकर' हा शब्द नोटिशीत कुठेही येऊ देऊ नका, तारीख लिहा.

'माल बंदरावर आहे' म्हणतात ना, मग कंटेनर नंबर मागा. चार अक्षरं आणि सात आकडे असतात. तो जहाज कंपनीच्या साइटवर टाकला की पेटी कुठे चढली, कुठे उतरली, ते कुणालाही दिसतं. माल खरोखर निघाला असेल तर हा नंबर त्यांच्याकडे असतोच. मागून दोन मेल झाले तरी देत नसतील तर काय समजायचं ते समजा.

क्रेडिट घेऊ नका. आज तुमचं मागणं 'माल द्या नाहीतर पैसे द्या' असं आहे. क्रेडिट घेतलंत की ते 'अजून न छापलेल्या गेममध्ये सवलत द्या' एवढंच उरतं, आणि बँकेकडची तक्रारही बहुधा तिथेच संपते.

जुन्या बिलाबद्दल मात्र उलटाफासा यांच्याशी मी सहमत नाही. गुपचूप अडवलंत तर उद्या थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि तेच कारण दाखवून ते तुमच्या ६० कॉपी रोखतात. एका येण्यातून दुसरं देणं वळतं करता येतं का हे कराराच्या अटींवर आणि त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. अटीत मनाई नसेल तर लेखी कळवा की अमुक इन्व्हॉइसची रक्कम तमुक येण्यातून वजा करत आहे, आकड्यासकट. मनाई असेल तर बिल भरा. नाव जाहीर करण्याचं म्हणाल, तर नोटिशीची मुदत संपेपर्यंत थांबा. आत्ता उघड भांडण काढलंत तर बोलणं थांबेल आणि दिवस तुमचेच जातील.

ठोकळेवाली:

मी छोटी पब्लिशर आहे, तर पलीकडची बाजूही सांगते. त्यातून तुम्हाला काय विचारायचं ते कळेल.

आमच्यासारख्यांच्या हातात पैसा फार कमी वेळ राहतो. कारखान्याला छपाईआधी अ‍ॅडव्हान्स, माल निघण्याआधी बाकी, मग जहाजाचं भाडं, मग वेअरहाऊस. २०२१ मध्ये कंटेनरचं भाडं काही मार्गांवर आधीच्या दहा पटींच्या घरात गेलं, आणि आम्ही बॅकरकडून (मोहिमेत आधी पैसे भरणाऱ्यांकडून) शिपिंगचे पैसे त्याच्या आधीच्या दराने घेतलेले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं आयात शुल्क १४५ टक्क्यांवर नेलं. मे महिन्यात ते ३० वर आलं, पण मधल्या काळात अनेकांनी माल चीनमध्येच थांबवून ठेवला. चिनी नववर्षात कारखाने काही आठवडे बंद असतात, त्याच्या तोंडावर प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) अडकलं की महिनाच जातो. म्हणून उशीर झाला एवढ्यावरून पब्लिशरला लबाड ठरवू नका.

बॅकरना आधी माल देणं हेही मला मान्य आहे, मोहिमेत तसा शब्द दिलेला असतो. पण पैसे भरलेला रिटेलर रांगेत उभा असताना वेबस्टोअरवर सुट्या कॉपी विकायच्या, याचं समर्थन मी करू शकत नाही. असं होतं तेव्हा कारण बहुतेक एकच असतं: रोख संपलेली असते. वेबस्टोअरवरच्या विक्रीतून नवे पैसे येतात, तुमचे तर कधीच खर्च झालेले असतात. त्यामुळे 'दुसरी छपाई' ऐकलं की पहिला प्रश्न विचारा: कारखान्याचा अ‍ॅडव्हान्स भरलाय का, आणि त्याचा कागद दाखवता का? भरला नसेल तर दुसरी छपाई अजून नुसता विचार आहे. दुसरा प्रश्न वेअरहाऊसचा. भाडं थकलं की वेअरहाऊस माल अडवून ठेवतं, मग पब्लिशरची इच्छा असली तरी एक खोका बाहेर पडत नाही.

आणखी एक. पैसे भरले म्हणून त्या ६० कॉपी तुमच्या झाल्या असं धरू नका. तुमच्या नावाने वेगळ्या काढलेल्या नसतील तर कंपनी बुडाल्यावर तुम्ही पैसे अडकलेल्या इतर लोकांच्या रांगेत. आम्हा पब्लिशरनाही हा चटका बसलाय. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, अलायन्स गेम डिस्ट्रिब्युटर्स ही गेम वितरणाची शाखा तेव्हा त्यांचीच होती. पुढे त्यांनी पब्लिशरांनी विक्रीसाठी ठेवायला दिलेला माल विकून टाकायची परवानगी कोर्टाकडे मागितली. माल आमच्या लोकांचा, पण त्यावरचा हक्क सिद्ध करायला कोर्टात जावं लागलं.

उलटाफासा:

बिलाचं पटलं. पण सरकारी यंत्रणेकडे तक्रार करून कधी काही होतं का?

जुना भिडू:

होतं, पण पैसे हाती येतातच असं नाही. फेडरल ट्रेड कमिशनने क्राउडफंडिंगवर केलेली पहिली कारवाई बोर्ड गेमवरच होती. 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' या गेमच्या २०१२ च्या, किकस्टार्टर या क्राउडफंडिंग साइटवरच्या मोहिमेत १,२२,००० डॉलरहून जास्त जमले, गेम बनलाच नाही आणि पैसे भलतीकडे खर्च झाले. २०१५ मध्ये १,११,००० डॉलरहून जास्त रकमेचा आदेश निघाला, पण भरायला पैसेच नाहीत म्हणून तो स्थगित ठेवला गेला. बॅकरना गेम मिळाला तो क्रिप्टोझोइक या वेगळ्याच पब्लिशरमुळे. त्यांनी स्वतःहून छापून दिला. म्हणून म्हणतो, तक्रार जरूर करा, पण बँकेची तारीख आधी.

चौथाभिडू:

मी निव्वळ गिऱ्हाईक आहे. एका दुकानाने माझी प्रीऑर्डर वर्षभर अडकवली होती. राग उशिराचा नव्हता, मीच विचारल्याशिवाय काही कळायचं नाही याचा होता. शेवटी त्यांनी 'आम्हालाही माहीत नाही, पैसे परत घ्या' असं स्पष्ट लिहिलं. मी घेतले, आणि आजही त्यांच्याकडूनच खरेदी करतो. ताई, मेल आजच पाठवा.

सोंगटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. भिडूकाका, तुमची पोस्ट छापून समोर ठेवली होती.

४३ जणांना मेल गेला. २९ जणांनी पैसे मागितले, ते दिले. बाकीचे थांबायला तयार आहेत, आणि कित्येकांनी 'कळवलंत हे बरं केलंत' असं लिहिलं. बँकेने कार्डाची तक्रार नोंदवून घेतली, मुदतीत बसली. अटींमध्ये वळतं करण्याला मनाई निघाली, म्हणून जुनं बिल भरून टाकलं. कंटेनर नंबर त्यांनी दिला नाही. दुसऱ्या छपाईचा अ‍ॅडव्हान्सही भरलेला नाही, हे ठोकळेवालीताईंचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी कबूल केलं. पण नोटीस गेल्यावर पाचव्या दिवशी उत्तर आलं: वेबस्टोअरच्या साठ्यातून २५ कॉपी लगेच पाठवतो, उरलेल्यांचं नंतर बघू. घेऊ का?

जुना भिडू:

घ्या. थांबलेल्या १४ जणांना माल मिळेल आणि ११ कॉपी विकायला हातात राहतील. पण स्वीकारताना लेखी कळवा की हा ऑर्डरचा काही भागच आहे, उरलेल्या ३५ कॉपींसाठी नोटिशीतली तारीख कायम आहे. माल पोचल्याच्या दिवशीच बँकेलाही सांगा. कार्डाची रक्कम ३० कॉपींची, त्यामुळे आलेल्या २५ कॉपी कोणत्या पेमेंटमध्ये धरायच्या हे पब्लिशरकडून लेखी घ्या. ट्रान्सफरच्या रकमेत धरल्या तर कार्डाची तक्रार पूर्ण उभी राहते आणि ट्रान्सफरमध्ये फक्त ५ कॉपींचं येणं उरतं. ते तयार नसतील तर बँकेकडची रक्कम तेवढी कमी करून घ्या. मालही घेतला आणि पूर्ण पैसेही परत मागितले असं दिसलं तर सबंध तक्रार फेटाळली जाईल. आणि खोके आले की सही करण्याआधी उघडून मोजा, घाईत काढलेल्या साठ्यात परत आलेल्या कॉपी असू शकतात.