गटाचा माल मुंबईला, गावाच्या ताटात काय?

सुपारीबाग: नमस्कार मंडळी, आम्ही गुहागरकडचे. बायकोचा बचत गट आहे, आंबापोळी, कोकम आगळ, नाचणी सत्व असं करतात, सगळा माल मुंबईला जातो आणि पैसे बरे सुटतात. पण मध्ये आरोग्य तपासणी झाली तर सत्व बनवणाऱ्या बायकांचंच हिमोग्लोबिन कमी, आणि पोरं दुकानातली पाच रुपयांची पाकिटं खातात. धंदा आणि गावाचं खाणं एकत्र कसं बांधायचं?

कुळीथपिठी: नवल नाही हो, 2019-21 च्या सरकारी पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय. पहिलं गिऱ्हाईक अंगणवाडी धरा. सुप्रीम कोर्टाने 2004 सालीच सांगितलंय की तिथल्या आहारात ठेकेदार नकोत, गावातले गट, महिला मंडळं घ्या. अंगणवाडीच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून काय होत नाय. फक्त बिलं रखडतात, हाताशी खेळतं भांडवल ठेवा.

खाडीवाला: अर्ज ठीक, पण पोरगं पंधराचा नाचणीचा लाडू घेणार की पाचचं पाकीट? लाडू छोटा करा, पाचला विका, तूट मुंबईच्या नफ्यातून काढा. आणि नाचणी तरी तुमची कुठे, आमच्याकडे वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन, सगळी काजू-आंब्याखाली गेली, नाचणी बाजारातून आणायची नि सत्व करून परत बाजारात पाठवायचं, गावाला त्यातली मजुरी तेवढी.

वांयचसुकट: नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण रक्ताला लोह लागतं. बायका घरी सगळ्यांच्या मागून जेवतात, उरलं तर कालवण, नाहीतर भात नि लोणचं, वर लगेच चहा, त्याने लोह अंगी लागत नाही. म्हणून आधी गटाच्या शेडवरच दुपारचं जेवण सुरू करा. कुळथाची पिठी, पावसात टाकळा, जवळ्याची चटणी, वर लिंबू पिळायचं. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हासाठीचा सुका जवळा उन्हाळ्यातच गावच्या कोळणीकडून घाऊक घ्या, तिचाही धंदा होतो. लोहाच्या गोळ्या मात्र आशाताईंकडून चालूच ठेवा, जेवणाने एकट्याने भागत नाही.

सुपारीबाग: शेडवरच्या जेवणाचं बायकोला पटलं. प्रत्येकीने महिन्याला थोडे काढायचे, बाकी गटाच्या नफ्यातून. भाकऱ्या कोणी भाजायच्या यावरून मात्र आत्ताच भांडण लागलंय, भाजणारीची मजुरी धरायची का?

खाडीवाला: धरायचीच, फुकट कोण भाजणार!